आज तिची मॅच हाये

घाटंजीच्या त्या गल्लीत सकाळी पहिला आवाज व्हायचा तो शब्बीरभाईंच्या गॅरेजच्या शटरचा. दुसरा आईच्या पातेल्याचा. आई अंगणवाडीत मदतनीस होती. साडेसातला ती मोठं जर्मनचं पातेलं घासून, पालथं घालून, हात पुसून निघायची आणि नऊपर्यंत अंगणवाडीत खिचडी शिजलेली असायची. पन्नासेक लेकरं रोज तिच्या हातचं जेवत. एखादं लेकरू रडकं असलं तर त्याची आई सांगून जायची, चंदाबाई, याला तुम्हीच भरवा, तुमच्याच हातानं खाते.

सलोनी पलंगावर पडून हे आवाज ऐकत होती. बंगळुरूला क्लबच्या वसतिगृहात पहाटे साडेपाचला उठायची सवय लागलेली, त्यामुळे झोप केव्हाच गेली होती. ती अठरा वर्षांची होती. महिलांच्या व्यावसायिक लीगमधला तिचा पहिला हंगाम नुकताच संपला होता. त्यात तिने अकरा गोल केले होते, त्यातले नऊ डाव्या पायाने. वर्तमानपत्रात फोटो आला होता, आणि क्लबने आणखी दोन वर्षांच्या करारावर सही घेतली होती. आता पंधरा दिवसांची सुट्टी होती. आल्यापासून गल्लीतली पोरं खिडकीतून डोकावून जात. आई मात्र पहिल्या दिवशी तिच्या पायांना तेल लावून देताना एवढंच म्हणाली होती की नखं वाढली आहेत, काप.

खेळाबद्दल आई कधीच काही विचारत नसे. हे सलोनीला फार वर्षांपासून बोचत होतं.

बाबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. तुरीच्या शेतात वीज पडली होती. दहाव्या वर्षी शाळेत खेळाच्या शिक्षकांनी, खेमसिंग सरांनी, तिला मुलांच्या घोळक्यात चेंडू नेताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मापाचे जुने बूट आणून दिले. टोकाला चिंध्या कोंबून ती तेच बूट दोन वर्षं वापरत होती. तेराव्या वर्षी नागपूरच्या निवासी केंद्रात तिची निवड झाली. निघायच्या दिवशी मोठी आई, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको बेबीताई, ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांनी ओवाळलं, दही दिलं, हातावर नारळ ठेवला. मोठेबाबा घनश्याम बॅग घेऊन पुढे झाले. सलोनी आईची वाट पाहत राहिली. स्वयंपाकघराच्या पडद्याआडून फक्त एक हात बाहेर आला, डबा धरलेला. मोठ्या आईने तो घेऊन बॅगेत ठेवला.

त्या हाताचा तिने पाच वर्षं एकच अर्थ लावला. आईला आपलं खेळणं आवडत नाही, म्हणून ती निरोपालाही आली नाही. नागपूरला दर रविवारी मुलींच्या आया यायच्या. कोणी चिवडा आणायच्या, कोणी पोरीची वेणी घालून द्यायच्या. सलोनी त्या दिवशी मैदानाला एकटीच फेऱ्या मारायची, म्हणजे कोणी काही विचारायला नको. सामन्याला ये म्हटलं की आईचं उत्तर ठरलेलं असे, काम आहे. सोळाव्या वर्षानंतर सलोनीने विचारणंच सोडलं. बंगळुरूला पहिला गोल केला त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला नव्हता. खोलीतली मणिपूरची मुलगी दोन तास आपल्या घरच्यांशी बोलत होती आणि सलोनी भिंतीकडे तोंड करून तिची न कळणारी भाषा ऐकत होती.

या सुट्टीत मात्र एक गोष्ट तिला कळली. शेजारच्या रुबीनाचाचींच्या ओट्यावर ती लसूण सोलायला बसली होती. चाची म्हणजे शब्बीरभाईंची बायको, आणि या गल्लीत आईची बसण्या-उठण्याची एकमेव जागा. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुही आई मॅच पाह्यत नाही, पण माह्याकडून एकेक गोल ऐकते. कोणत्या पायानं मारला, कोण्या बाजूनं मारला, पडली त नाही. अकरा गोल अकरा डाव सांगून माहं तोंड दुखलं वो."

सलोनीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मग ती पाहत का नाही, असं तिने विचारलं. चाचींनी परडी उचलली आणि म्हणाल्या, थे तू तिलेच विचार.

तिने त्या दुपारीच विचारलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही आणि एखादी जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तशी सांगितली. सलोनी दहा वर्षांची असताना शाळेच्या कुंपणाशी उभं राहून तिने एक सामना पाहिला होता. त्याच सामन्यात पोरीचा हात मोडला. नळावर बाया बोलल्या. त्यानंतर तिने ठरवून टाकलं.

"मी पांढऱ्या कपाळाची बाई," आई म्हणाली. "तू निंघताना तुले माहं तोंड दिसू नये, खेळताना माही नजर पडू नये. एवढं त मी तुह्यासाठी करू शकते का नाही?"

सलोनीला पाच वर्षांचे रविवार आठवले. राग यायचा तो आला नाही. ती उठून मागच्या दारात जाऊन उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी क्रीडा मंडळाचा कपिल चार पोरांना घेऊन घरी आला. रविवारी सलोनीचा सत्कार ठरला होता, शाळेमागच्या मैदानावर. सकाळी मंडपात कार्यक्रम, दुपारी चारला प्रदर्शनी सामना. सलोनी हो म्हणाली. पोरं गेल्यावर ती आईजवळ बसली आणि म्हणाली, "तू आली नाही त मी मैदानात उतरत नाही. मंग सांगजो साऱ्यायले, पोरगी कायले बसून राह्यली थे."

आईने खूप समजावलं. मोठी आईही येऊन सांगून गेली की उगाच हट्ट कशाला, सकाळच्या सत्काराला ती बसेलच, खेळ पाहायचं काय एवढं. सलोनी ऐकेना. शेवटी शनिवारी आईने पेटीतून निळं लुगडं काढलं आणि उन्हात टाकलं, त्यावरून ती येणार हे कळलं.

रविवारी सकाळी मंडप भरला. मैदान मोठं होतं, पण मंडप बरोबर मधोमध घातला होता, कारण फोटोत मागे गोलपोस्ट यायला हवा, असं कपिलचं म्हणणं होतं. खेमसिंग सर आले, त्यांनी बांबू रोवलेले पाहिले आणि कपाळावर हात मारला. दुपारी बांबू काढल्यावर खड्डे नीट भरून, ठोकून, पाणी मारायला त्यांनी कपिलला दोनदा बजावलं. कपिल दोन्ही वेळा हो म्हणाला.

भाषणं झाली. मग माइकवरून सांगण्यात आलं की पाच सुवासिनी आपल्या गावच्या लेकीचं औक्षण करतील. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. नाव कोणी घेतलं नाही, जा असंही कोणी म्हटलं नाही. ती आपली आपण उठली आणि मंडपाच्या शेवटच्या खांबामागे जाऊन उभी राहिली. व्यासपीठावरून सलोनीला हे सगळं स्वच्छ दिसलं. मोठ्या आईच्या हातातली वात तिच्या डोळ्यांसमोरून गोल फिरत होती. तिने मनाशी म्हटलं, एवढंसं तर आहे. चार वाजता आई खेळ पाहणार आहे, तेवढं पुरे. आज भांडण नको.

ती गप्प राहिली. पुढे तिला जे काही आठवायचं त्यात गुडघ्याची कळ नंतर यायची आणि हे गप्प राहणं आधी.

दुपारी आई रुबीनाचाचींसोबत शाळेच्या पायऱ्यांवर बसली. पदर कपाळावर इतका पुढे ओढला होता की तिला किती दिसत असेल याची सलोनीला शंका आली. पण विसाव्या मिनिटाला सलोनीने डावीकडून आत घुसून दोघांना चकवलं आणि चेंडू दूरच्या कोपऱ्यात घातला, तेव्हा पायऱ्यांवर सगळ्यांत आधी उभी राहिली ती आई. पदर खांद्यावर आला होता. ती टाळ्या वाजवत नव्हती. दोन्ही हात छातीशी धरून नुसती पाहत होती. सलोनीने तिच्याकडे बघून हात वर केला.

त्यानंतर दहा मिनिटांनी ती मध्यरेषेजवळ वेगाने वळली. खाली नुसत्या पायांनी सारलेली भुसभुशीत काळी माती होती, बांबूच्या खड्ड्यावरची. डावा पाय घोट्यापर्यंत आत गेला आणि शरीर तसंच पुढे फिरलं. गुडघ्यातून आलेला आवाज तिला स्वतःला ऐकू आला.

माणसं धावली. खेमसिंग सर खड्ड्याशी बसून कपिलला काहीतरी विचारत होते आणि कपिल पोरांवर ओरडत होता. मोठी आई सलोनीचं डोकं मांडीवर घेऊन खरोखर रडत होती. आणि रडता रडताच ती म्हणाली, "म्या आधीच म्हणलं होतं, कायले आणता तिले इथं."

आजूबाजूच्या दहा-बारा माना पायऱ्यांकडे वळल्या. खड्डा समोर होता, त्यात बूट अजून अडकलेला होता. त्याच्याकडे पाहायला फक्त खेमसिंग सर होते. शब्बीरभाईंनी रिक्षा मैदानात आणली तेव्हा सलोनीने आईला शोधलं. पायऱ्यांवर चाची एकट्याच उभ्या होत्या.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. बंगळुरूला क्लबने शस्त्रक्रिया करवली. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले, आणि त्यानंतरही पहिल्यासारखी धावेल की नाही हे कळायला आणखी काही दिवस. आईने सोबत यावं म्हणून सलोनीने हरतऱ्हेने विनवलं. आई आली नाही. जाताना ती स्वयंपाकघरातही नव्हती. पहाटेच उठून शेताकडे निघून गेली होती.

ते नऊ महिने सलोनीने वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या खोलीत काढले. बाकीच्या मुली सकाळी बूट वाजवत जायच्या आणि घामाच्या वासासह परत यायच्या. ती पट्टा बांधून पाय उचलायची, वीस वेळा, मग पुन्हा वीस वेळा. आईचा फोन संध्याकाळी सहानंतरच यायचा. सकाळी करायचा नाही, असा नवा नियम तिने घातला होता, कारण सकाळी सलोनीचा व्यायाम असतो. व्हिडिओ लावला तर पडद्यावर छताचा पंखा दिसायचा, चेहरा नाही.

एकदा सलोनी चिडली. खड्डा होता, मी पाहिला, सरांनी पाहिला, बांबूचा खड्डा होता, असं तिने चार वेळा सांगितलं. मग आई म्हणाली, "तुह्या बापावर वीज पडली, तवा कोणता खड्डा होता वो?"

सलोनीजवळ उत्तर होतं. त्या दिवशी मोठेबाबाही त्याच बांधावर होते, दहा पावलांवर. वीज दहा पावलं इकडे पडली असती तर कपाळ कोणाचं पुसलं गेलं असतं, आणि खांबामागे आज कोण उभं असतं. पण हे आईला सांगणं म्हणजे मोठ्या आईचं वाईट चिंतणं झालं असतं, आणि आईने ते ऐकूनही घेतलं नसतं. ती पंख्याकडे पाहत राहिली. आईने विचारलं, जेवली का. ती हो म्हणाली.

फेब्रुवारीत तिला पुन्हा संघात घेतलं. सामना दुपारी चारला होता. आदल्या संध्याकाळी आईने फोनवर नेहमीचंच विचारलं आणि ठेवताना म्हणाली, उद्या करू नको, परवा बोलू.

त्या दिवशी सकाळपासून आईच्या छातीत दुखत होतं. तिने अंगणवाडीची खिचडी केली, लेकरांना वाढली, पातेलं घासलं. दीडच्या सुमारास ती चाचींच्या ओट्यावर येऊन बसली आणि तिला उठता येईना. घरी कोणी नव्हतं. मोठेबाबा आणि मोठी आई राजूरला नात्यातल्या लग्नाला गेले होते. अशा ठिकाणी आईला नेण्याचा प्रश्नच नसायचा. शब्बीरभाईंनी रिक्षात घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सुया लावल्या, यवतमाळला हलवायची तयारी सुरू केली आणि घरच्यांना कळवून टाका म्हणाले. चाचींनी मोठेबाबांना फोन लावला, लागला नाही. मग त्यांनी फोनमध्ये सलोनीचं नाव काढलं तेव्हा आईने त्यांचं मनगट धरलं. तिच्या हातात जोर नव्हता, तरी चाचींना ते सोडवता आलं नाही.

"रुबीना, आज तिची मॅच हाये," ती म्हणाली. "माह्या नावचा फोन आज नको लावू."

चाची म्हणाल्या, मॅच काय जिवापेक्षा मोठी आहे का. आईने मान हलवली आणि मनगट धरूनच ठेवलं. तीन वाजले, साडेतीन वाजले, यवतमाळला न्यायची गाडी अजून आली नव्हती. चार वाजता चाचींना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी फोनवर सामना लावला आणि तो आईसमोर धरला. पाहा, तुमची पोरगी पाहा, बरं वाटेल. आईने डोळे मिटून घेतले.

"मले नको दाखवू. तू सांग."

मग चाचींनी सांगितलं. सलोनी पळून राह्यली. चांगली पळून राह्यली, पाय नाही ओढत. आता चेंडू तिच्याजवळ आला. आता गेला. एक पोरगी पडली, आपली नाही. असं त्या जवळजवळ अर्धा तास सांगत होत्या. सलोनीने गोल केला तेव्हा त्यांनी कोणत्या पायाने, कोणत्या बाजूने, हे न विचारताच सांगितलं. आईच्या तोंडावर थोडं हसू आल्यासारखं त्यांना वाटलं. तिने डोळे उघडले नाहीत. पुढचं सांगता सांगता चाचींच्या लक्षात आलं की आपलं मनगट मोकळं झालं आहे.

सलोनीला चाचींचा फोन आला तेव्हा मुली तिला खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर आणत होत्या.

हे सगळं चाचींनी तिला तिसऱ्या दिवशी सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि सांगून झाल्यावर माफी मागितली. सलोनीने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. रडायला तिला फार उशिरा आलं.

तेरवी झाली. गावातली माणसं येऊन गेली. कपिलही आला आणि स्पर्धेला चंदाबाईंचं नाव द्यायचं मंडळात चाललंय, असं म्हणाला. सलोनीने त्याला सांगितलं की नाव नको. जमलेल्या बाया एकमेकींना सांगत होत्या की चंदा फार गुणाची होती, कधी कोणाच्या मध्ये आली नाही. खरंच होतं ते. पंचेचाळीस वर्षांची धडधाकट बाई अकरा वर्षं कोणाच्या मध्ये आली नाही. ना दारात आली, ना मंडपात, ना आपल्या लेकीच्या नजरेत. आणि त्याला सगळा गाव गुण म्हणत होता.

निघायच्या सकाळी बस साडेदहाची होती. मोठेबाबा ओसरीवर चहा पीत बसले होते. या हिवाळ्यापासून त्यांचा खोकला वाढला होता. खेमसिंग सर मोटरसायकल घेऊन दाराशी उभे होते. मोठी आई ताट घेऊन आली. घरात सुतक झालेलं, तरी लांबच्या प्रवासाला पोरगी तशीच कशी पाठवायची, म्हणून तिने वात लावली होती, दह्याची वाटी ठेवली होती. तिचे डोळे सुजलेले होते. तेरा दिवस या घराचं तिनेच केलं होतं.

"ये बाई," ती म्हणाली. "उभी राह्य."

सलोनी उंबऱ्यातच थांबली. "मोठे आई, मले ओवाळू नको."

"काहून?"

"माह्या आईनं मले कधी ओवाळलं नाही. आता कोणीच नको."

मोठी आई काकुळतीला आली. म्हणाली, मी काय वाईट केलं, तुह्यासाठीच करून राह्यली ना मी. त्या दिवशी मैदानात तोंडातून निघून गेलं, मलेही समजते, रात्रंदिवस थेच डोक्यात हाये. सलोनीने तिला बोलू दिलं. मग जवळ जाऊन तिच्या हातातलं ताट एका बाजूने धरलं, म्हणजे ते दोघींच्या हातात राहिलं.

"मी तुह्यावर रागावली नाही," ती म्हणाली. "मीबी त्या दिवशी स्टेजवर गुमान बसली होती. पण एक गोष्ट ऐक. कोणाचंच सांगता येत नाही. उद्या काही कमीजास्त झालं, आन तुले कोणी म्हणलं का आत जाय, समोर येऊ नको, त तू जायचं नाही. मले फोन करजो. मी येईन आन तुह्याजवळ उभी राहीन."

आणि पुढे म्हणाली, "मॅच असली तरी करजो."

ओसरीवर मोठेबाबांना खोकल्याची उबळ आली होती. ती बराच वेळ थांबेना. मोठी आई तिकडे पाहत राहिली. उबळ ओसरली, त्यांनी बशी खाली ठेवली, तरी तिची नजर हलली नाही. मग तिने ताट सलोनीच्या हातात सोडलं, पदराला हात पुसले आणि कमरेच्या पिशवीतून आपला छोटा फोन काढला.

"तुहा नंबर माह्याकडे नाही वो," ती म्हणाली. "यात घालून दे."